ठणकाकीचा तांब्या

सगुणाकाकी,

तुला एक कागद दाखवायचा राहिला. तळहाताएवढा आहे, चार घड्या पडलेला. गेली दहा वर्षं तो माझ्या कपाटात रेवाच्या जन्मदाखल्याच्या मागे दडवलेला आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, मला कागद कशाला दाखवतेस गो, मला काय वाचता येतंय? म्हणूनच तर दाखवला नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापासून कागद लपवणं फार सोपं असतं, आणि हे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारी तुझी नीलू तुला सांगते आहे.

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रयोगवह्यांवर सह्या करत होते. "आयेनं सकाळी चाय घेतलान, भिंतीला टेकून बसली ती बसलीच," तुझी लेक म्हणाली. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. आणि रडता रडता एक भलताच विचार आला, की तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी कोणी तापवलं असेल? ते तुझ्या मनासारखं कढत होतं का? आपल्या पाली गावातल्या निम्म्या बाळंतिणी तुझ्या पाण्याला घाबरून न्हाणीच्या दाराशी अडून बसायच्या. तुला कोणी कोमट पाण्यानं निरोप दिला असेल तर तू तिथल्या तिथे उठून त्याची खरडपट्टी काढायचीस. मग मला हसू आलं. शेजारच्या मॅडमना कळेना, ही बाई रडतेय का हसतेय.

तू मलाही न्हाऊ घातलंस आणि माझ्या लेकीला, रेवालाही. पाली आणि आसपासच्या वाड्यांतली किती पोरं तुझ्या नडग्यांवर पालथी पडून मोठी झाली, त्याची मोजदाद तूही कधी ठेवली नाहीस. चिऱ्याच्या न्हाणीत पाय पसरून बसायचीस. नऊवारीचा ओचा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायांवर बाळ, डाव्या हाताशी नारळाच्या तेलाची वाटी, उजवीकडे डाळीच्या पिठाचं ताट आणि पाठीमागे तो पितळेचा तांब्या. मी दिवाणावर धुरी घेत पडलेली असायचे आणि दाराच्या फटीतून तुमचं दोघींचं बोलणं ऐकायचे. दोघींचं म्हणजे तुझंच. रेवा महिन्याची होती, पण तू तिला प्रश्न विचारायचीस, थांबायचीस आणि तिच्या वतीनं उत्तरही द्यायचीस. "बरा वाटतंय काय? वाटतंय म्हनते."

तुझा एक शब्द होता. तळपाय चोळताना बाळानं पाय आखडून घेतला की तू म्हणायचीस, "वाट मळली." पुढे कधी बाळानं तुझ्या तोंडाकडे टक लावली, मान फिरवून पदराचा काठ बघितला, की पुन्हा, "ही पन मळली." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही पिठाच्या मळण्याबद्दल बोलते आहे. तू हसलीस. जांभ्याच्या कातळावर गवत माजलेलं असतं, म्हणालीस, पण रोज त्याच रेषेनं माणसं पाणवठ्यावर गेली की पायवाट मळते, मग डोळे मिटूनसुद्धा पाय चुकत नाही. बाळाच्या आंगात तश्याच वाटा असतात. आदी कातडीची मळते, मग डोळ्याची, कानाची. "मी रोज चालतंय तिच्यावरून. मळनार नाय तर काय करील?"

मी तेव्हा नुकती आई झाले होते, पण शिक्षिका जुनी होते. माझ्यानं राहवलं नाही. तुला समोर बसवून मी मज्जातंतू समजावून सांगायला घेतले. म्हटलं, काकी, जन्मतः नसा असतात सगळ्या, पण त्यांच्यावरचं आवरण पुरं झालेलं नसतं. मायलिन म्हणतात त्याला. ते चढत जातं तसा निरोप भरभर पोचायला लागतो. स्पर्शाचं काम आधी सुरू होतं, ते पोटात असतानाच. डोळ्यांना पहिले काही आठवडे हातभर अंतरावरचं तोंड तेवढं दिसतं, तेही अंधूक. कान पोटातच ऐकायला लागतात, पण कानाकडून मेंदूकडे जाणारा रस्ता पक्का व्हायला पुढे वर्षंच्या वर्षं जातात. हे सगळं ठरलेल्या क्रमानं होतं, कोणी चोळो न चोळो.

तू सगळं ऐकून घेतलंस. पदरानं हात पुसलेस. मग विचारलंस, "ती माळीण कंदी येते म्हनालीस?"

मायलिनची माळीण झाली ती कायमची. नंतर कुठल्याही घरी बाळानं पहिल्यांदा आवाजाकडे मान वळवली की तू सांगायचीस, माळीण येऊन गेली. पण आपलं भांडण काही त्यानं मिटलं नाही. माझं म्हणणं, आवरण आधी आणि चालणं मग. तुझं म्हणणं, कोण चाललंच नाही तर माळीण येईल कशाला, तिला काय काम? मी पुस्तक काढून दाखवायचे, तू पुस्तकाकडे पाठ करून पीठ भिजवायचीस. त्या भांडणात मी फक्त एकदा जिंकले. तू रेवाच्या कानात तेल सोडायला निघालीस तेव्हा मी ओरडून थांबवलं, कानात तेल घालायचं नाही, डॉक्टरांनी सक्त सांगितलंय. तू तोंड वाकडं केलंस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पण तेल घातलं नाहीस.

कान मात्र तू तुझ्या पद्धतीनं तपासलेस. आंघोळ उरकली, बाळ पालथं पायांवर गप पडलं, की तू मागे हात न्यायचीस आणि तांब्या हातभर वरून चिऱ्यावर सोडायचीस. धाडकन आवाज व्हायचा. बाळ दचकून हातपाय फेकायचं. तू म्हणायचीस, "कान लाख हायत." रेवाला महिना भरायच्या आत तू हे केलंस आणि रेवा अशी दचकली की पाठोपाठ रडायलाच लागली. मी दिवाणावरून ते पाहिलं. मला किती सुटल्यासारखं वाटलं, ते तुला तेव्हा सांगितलं नाही. का वाटलं, तेही सांगितलं नाही.

आता सांगते. ज्या दवाखान्यात मी बाळंत झाले तिथे दुसऱ्या दिवशी एक मुलगी लहानसं यंत्र घेऊन आली होती. रेवाच्या कानात यंत्राचं मऊ रबरी बोंडूक घालून तिनं दोन्ही बाजूंनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि मला हा कागद दिला. वरचा मजकूर इंग्रजीत, खाली मराठीत शिक्का: एक महिन्याने पुन्हा तपासणी. ती म्हणाली, घाबरू नका, बऱ्याच बाळांच्या कानात सुरुवातीला पाणी असतं, पहिल्या वेळी असं येतं, पण महिन्यानं नक्की या. मी हो म्हटलं. नवऱ्याला, संदेशला, सांगितलं की पहिल्या तपासणीत असं बऱ्याच जणांचं येतं. पुढचं वाक्य सांगितलं नाही. मग मी माहेरी पालीला आले, महिना संपत आला, आणि तुझा तांब्या पडला. मला हवं होतं ते उत्तर मिळालं. कागदाच्या चार घड्या करून मी तो ठेवून दिला. काकी, मला ती तपासणी माहीत होती, यंत्र काय मोजतं तेही माहीत होतं. मी मुलांना शिकवते ते. तरीही मी तांब्यावर विश्वास ठेवला, कारण तांब्या माझ्या बाजूनं बोलत होता.

रेवा पाच महिन्यांची असताना तू रत्नागिरीला आमच्या घरी आलीस. डोळे दाखवायला आले होते, म्हणालीस, पण हातात पिशवीभर गरे होते आणि जीव सगळा रेवाकडे. रेवा झोळीत जागी पडून छताकडे बघत होती. तू दारातून हाक मारलीस. पुन्हा मारलीस. ती वळली नाही. तू पुढे जाऊन झोळीत डोकावलीस आणि तुला बघून ती तोंडभर हसली. मी म्हटलं, खेळात रमली की लक्ष नसतं तिचं. तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, तांब्या आण.

पुढे तू जे केलंस ते मी माझ्या अकरावीच्या मुलांना दर वर्षी सांगते, तुझं नाव न घेता. तू झोळीमागे उभी राहिलीस आणि तांब्यावर पळी वाजवलीस. रेवा छताकडेच बघत राहिली. तू आणखी जोरात वाजवलीस. शेजारच्या काकू दारात आल्या, रेवा हलली नाही. मग तू जमिनीवर पाय पसरून बसलीस, तिला नेहमीसारखी नडग्यांवर पालथी घातलीस आणि तांब्या मागे फरशीवर सोडलास. रेवा दचकली. मी हुश्श करणार, तेवढ्यात तू हात वर केलास. तिला तशीच पायांवर ठेवून तू तांब्या उचललास, गळ्याला सुतळी बांधून एका बोटावर अधांतरी धरलास आणि पळी हाणलीस. ठण. घरभर आवाज घुमला. तुझ्या पायांवर रेवा अंगठा चोखत पडून होती.

तू पळी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "पोर कानानं आयकत नाय गो नीलू. पोर आंगानं आयकतंय. तांब्या दगडावर पडला की दगड हलतो, दगडानं माजा पाय हलतो, पायानं ती. येवडी वरसां मी कानाची वाट बगतंय म्हनून कातडीची बगत आलंय. मी चुकलंय."

मी शास्त्र शिकवते आणि हा साधा मुद्दा मला सुचला नव्हता. तुला सुचला, तोही स्वतःच्याच रीतीविरुद्ध. आयुष्यभर जे करत आलो ते चूक निघालं, हे असं बसल्या जागी, बाळ पायांवर असताना, कबूल करणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. मी मात्र त्या क्षणी तुझ्यावर चिडले. आठवतं ना? तुम्हा लोकांच्या या असल्या गोष्टींमुळे, असं काहीतरी बोलले. तू खाली मान घालून सुतळी सोडवत बसलीस. कपाटातला कागद कपाटात होता.

आठवड्याच्या आत आम्ही कोल्हापूरला निघालो. पालीला गाडी थांबवून तुला घेतलं, कारण तू दारात पिशवी घेऊन उभीच होतीस, तुला कोणी बोलावलं नव्हतं. आंबा घाटात तू दोनदा उलटी केलीस आणि दोन्ही वेळा रेवाला आधी माझ्याकडे दिलंस. कोल्हापूरच्या दवाखान्यात रेवाला झोपवून डोक्याला तारा लावल्या आणि कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत निरोप पोचतो का ते बघितलं. निरोप निघतच नव्हता. दोन्ही कान जन्मापासूनच बंद. तपासणाऱ्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, आधी कानामागे यंत्रं लावू, मग शस्त्रक्रिया करून कानाच्या आत तार बसवावी लागेल, म्हणजे आवाज थेट नसेकडे जाईल. पण हे लवकर करायला हवं. नस आहे, रस्ता आहे, पण त्यावरून आवाज गेलाच नाही तर तो पक्का होत नाही. मेंदूतली ती जागा रिकामी राहत नाही, डोळे तिथे आपलं बिऱ्हाड मांडतात. सुरुवातीची वर्षंच कामाची, नंतर कितीही चांगलं यंत्र आणलं तरी आवाज येतो पण त्याचा अर्थ लागत नाही.

मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे मी कुठेतरी ऐकलंय. वाट. कोण चाललंच नाही तर माळीण येईल कशाला. येताना घाटात मी तुला ते सांगायला हवं होतं, की आपल्या भांडणात तू निम्मी नव्हे, निम्म्याहून जास्त बरोबर होतीस. क्रम ठरलेला असतो हे खरं, पण चालावंही लागतं. परतीच्या वाटेवर तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस. मग ते राहूनच गेलं, आणि नंतर मी माझ्या हट्टापायी कधीच कबूल केलं नाही. आज करते. जिंकलीस.

त्या वर्षी गणपतीला पालीच्या घरी सगळे जमले होते. रेवाच्या कानामागची यंत्रं सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिली. थोरल्या आत्याला कारण हवं होतं, आणि ते तिनं लगेच शोधलं. हल्लीच्या शिकलेल्या मुली कानात तेल घालू देत नाहीत, मग कान सुकणारच, असं ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. तू दर्शनाला आली होतीस, दाराजवळ बसली होतीस. तू उभी राहिलीस. "तेलाचा काय एक संबंध नाय, ताई. जन्माचाच हाय ता. पन कळाया उशीर झाला तो माज्या तांब्यामुळं. ही बिचारी माज्या भरवशावर होती."

सगळे तुझ्याकडे बघायला लागले. त्या बघण्यात सगळं होतं. माझ्या हातात मोदकांचं ताट होतं. मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी ताट घेऊन पुढे गेले आणि मोदक वाढत राहिले. तुझ्या पानातही वाढला. तू खाल्लास.

तू तुझी रीत बदललीस. त्यानंतर ज्या घरी गेलीस तिथे तांब्या दगडावर टाकला नाहीस. बाळाला दुसऱ्या कुणाच्या मांडीवर द्यायचीस, सुतळीला टांगलेला तांब्या त्याच्या पाठीमागे धरायचीस, आधी एका कानाशी, मग दुसऱ्या, आणि पळी हाणायचीस. बाळ दचकलं, चोखायचं थांबलं, तरी आईला सांगायचीस, यंत्रानं बघून घे. माझा तांब्या एकदा चुकलेला आहे. प्रत्येक घरी सांगायचीस हे, मला किती जणींनी सांगितलं. चूक लपवायला जागा नव्हती असं नाही, तुला लपवायचीच नव्हती. पालीच्या किती बाळंतिणी तुझ्या धाकानं रत्नागिरीला येऊन बाळाचे कान तपासून गेल्या. आणि प्रत्येक वेळी मला तो कागद आठवायचा.

शस्त्रक्रिया रेवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास झाली. यंत्र सुरू केलं त्या दिवशी ती घाबरून इतकी रडली की संदेश म्हणाला, बंद करा हो. पुढे महिनेच्या महिने काही झालं नाही. आम्ही बोलायचो, गायचो, दार वाजवायचो, ती खेळत बसायची. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, घरातले आवाज ऐकवा, एकेक करून, पाठीमागून, आणि कंटाळू नका. मी कंटाळले. तू नाही कंटाळलीस. दर पंधरा दिवसांनी पालीहून एसटीनं यायचीस, तिच्या मागे बसायचीस आणि घरातली भांडी एकेक करून वाजवायचीस. खवणीवर नारळ खरवडायचीस, ताटलीत तांदूळ ओतायचीस, सुपात पोहे घोळवायचीस. आणि शेवटी तांब्या. ठण. मग थांबायचीस. मग तिच्या वतीनं म्हणायचीस, "आयकला काय? आयकलान म्हनते."

एका दुपारी तू तांब्या वाजवलास आणि रेवाचा हात खेळण्यावर थबकला. ती हळूच मागे वळली. तुझ्याकडे नाही, तांब्याकडे बघितलंन तिनं. तू पुन्हा वाजवलास. ती हसली आणि बोट दाखवून काहीतरी बोलली, "अण" असं. तू मला हाक मारली नाहीस, तू नुसती रडत होतीस, पळी हातात तशीच. मी स्वयंपाकघरातून आले तर तुम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतात. तेव्हापासून तू ठणकाकी. तिच्या तोंडचा पहिला शब्द आई नव्हता, याचा मला हेवा वाटला होता. तो तुला दाखवलाही होता मी. "मंग तू वाजव भांडी," म्हणाली होतीस.

आता ती दहा वर्षांची आहे आणि तिचं तोंड बंद करायला घरात बैठक घ्यावी लागते. शाळेत नाटकात काम करते. काही अक्षरं अजून अडतात, गर्दीत ऐकायला त्रास होतो, आंघोळीच्या वेळी यंत्र काढलं की पुन्हा सगळं शांत. पण बोलते ती तुझ्यासारखी. "आयकलान" म्हणते, शाळेतल्या बाई सुधारतात, ती ऐकत नाही. हे ऐकत नाही म्हणजे नेहमीच्या मुलांसारखं ऐकत नाही. मला त्याचं केवढं सुख आहे.

परवाच्या रविवारी मी रेवाला घेऊन तुझ्या घरी गेले. पर्समध्ये कागद होता. तुला दाखवता आला नाही, तर निदान तुझ्या लेकीला दाखवावा, असं ठरवून निघाले होते. सुनंदाच्या मुलीचं बाळंतपण तिथेच झालंय, पाच आठवड्यांची नात आहे. सुनंदा न्हाणीत पाय पसरून बसली होती, अगदी तुझ्या जागी. रेवा बाहेर खळ्यात मांजराच्या मागे लागली. मी दाराशी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कागद, शिक्का, महिना, गणपतीतलं ताट.

सुनंदानं बाळाच्या पाठीवरचं पाणी निपटलं. तिला नवल वाटलेलं दिसेना.

"आयेला म्हायीत होता," ती म्हणाली.

मी म्हटलं, कसं शक्य आहे?

"कोल्लापूरला तू आत डाक्टरनीला सांगितलंस ना, पयली तपासनी झालेली म्हनून. आये भायेर बाकड्यावर पोरीला घेऊन बसलेली. दार उगडा होता. सगळा आयकलान तिनं."

मला आठवलं. तपासणाऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, जन्माच्या वेळी तपासलं नव्हतं का? संदेश केसपेपर काढायला गेला होता. मी हळू आवाजात खरं सांगितलं होतं. म्हणजे घाटात तू झोपली नव्हतीस. आणि त्या गणपतीला, सगळं माहीत असून, तू उभी राहिली होतीस.

मग बोलली का नाही ती, मी विचारलं. दहा वर्षं?

सुनंदा म्हणाली, "मी पन इचारला व्हता. तर म्हनाली, आईस दोष लागला तर ती तोंड मिटून बसंल. आनि पोरीस तर बोलनारी आई हवी आता. माजा काय, मला म्हातारीला कोन काय बोलनार."

काकी, मी किती वर्षं समजत होते की मी तुझ्यापासून काहीतरी लपवलंय. तू माझ्याकडून ओझं काढून घेतलंस ते रेवाच्या औषधपाण्याचाच एक भाग समजून. वाट मळायची तर तिच्यावर आवाज हवा, आवाज हवा तर आई बोलती हवी. तुझा हिशोब इतका सरळ होता. आणि मी खरंच बोलत राहिले होते, दिवसभर, घसा बसेपर्यंत. गप्प बसायची पाळी तू माझ्यावर येऊच दिली नाहीस. मला रडू यायला हवं होतं, पण मला फार बरं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं.

सुनंदानं बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून मुलीच्या मांडीवर दिलं. तुझा तांब्या कोपऱ्यात होता, गळ्याला तीच सुतळी. मला विचारलंन, आयेची आठवण म्हणून नेतेस काय? मी नको म्हटलं, तो चालू कामातला आहे. मग तिनं तांब्या बोटावर अधांतरी धरला आणि पळी हाणली.

ठण.

बाळाचे डोळे मोठे झाले. आणि बाहेर खळ्यात, आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसलेली रेवा झटकन वळली. "ठणकाकी?" म्हणाली. वळल्यावर तिला आठवलं. पण आधी वळली.

मी तिला आत बोलावलं आणि पर्समधला कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येतं. तिनं घड्या उलगडल्या, वरचं इंग्रजी सोडून दिलं आणि खालचा शिक्का मोठ्यानं वाचला, "एक महिन्याने पुन्हा तपासणी." मग विचारलं, "मग? गेलेलो ना आपण?"

नाही गं, मी म्हटलं. तिला जवळ बसवलं, न्हाणीच्या ओल्या चिऱ्यावर, आणि पहिल्यापासून सांगायला लागले. ती ऐकत होती.